सारवून गेलेली घरं

५ डिसेंबर, गुरुवार. वरचा करंजपाडा

खणकामाची वही वेगळी आहे. तिच्यात 'मी' नसतो, 'असे आढळून आले' असतं. ही वही माझी. संजना म्हणाली होती, बोलत नाही तर निदान लिहीत तरी जा. बायकोचं एकदा तरी ऐकलं, याचा हा लेखी पुरावा.

पेठच्या पुढे जीप सोडली आणि करंजपाड्यातून चढण चढून पठारावर आलो. गवतात घरांची दगडी जोती तेवढी दिसतात. गाव ओस पडून शंभरेक वर्षं झाली असतील. इथली माणसं डोंगर उतरून खाली राहायला गेली, त्यांचीच नातवंडं-पतवंडं आजच्या करंजपाड्यात आहेत. का उतरली ते मात्र कुणी धड सांगत नाही. एकजण म्हणतो पटकी आली, दुसरा म्हणतो झरा आटला, तिसरा वाघावर ढकलतो. गाव पळालं की गाव निघालं, एवढंच मला शोधायचं आहे. या दोन्हींत फार फरक असतो.

माझ्याबरोबर निकिता आहे, माझी संशोधक विद्यार्थिनी, माझ्यापेक्षा जास्त शिस्तीची. खालच्या पाड्यातली सहा-सात माणसं कामाला आहेत. चाळणीवर कुसाबाई. तिच्या चाळणीतून मणीसुद्धा सुटत नाही आणि तिच्या तोंडून कुणाची चहाडी सुटत नाही.

जुन्या गावठाणाला पांढरी म्हणतात. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. माणसं राहिली की राख, शेण आणि भिंतींच्या मातीने जमीन फिकट होत जाते. इथली लाल माती जिथे मध्येच उतरल्यासारखी दिसते, तिथे घर होतं समजायचं. आज तशा सात जागा पाहिल्या आणि पोरासारखा खूश झालो.

निघताना संजना दारात म्हणाली, "दादांशी बोला हं."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. पिंपळगाव बसवंतला आमचं शेत तोच बघतो. मधला बांध काढून नवी द्राक्षं लावायचं त्याच्या मनात आहे. त्या बांधावर आमची वेदिका आहे. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तापात गेली, अजून पहिला वाढदिवसही व्हायचा होता. दूध पितं लेकरू जाळत नाहीत. बांधावर ठेवलं आणि संजनाने तिच्या माहेराहून, निफाडहून, डाळिंबाचं रोप आणून वर लावलं. आता ते माझ्या छातीला लागतं.

बोलतो म्हणालो. इथे रेंज नाही. रेंज आली की बोलतो.

१२ डिसेंबर

पहिल्या घराची चूल सापडली. कुडाच्या भिंती आत कोसळल्या आणि त्यांनीच खालची जमीन जपली. चूल पाहून निकिता आणि मी दोघंही गुडघ्यांवर बसलो. आत राख नाही. चिमूटभरही नाही. उलट चुलीवर, चुलीच्या तोंडातसुद्धा, मातीचं एक सपाट सारवण आहे. बोटं फिरवल्याचे अर्धगोल अजून दिसतात. शेवटचं सारवून झाल्यावर तिथे परत जाळ झालेला नाही.

मी म्हणालो, पटकी आलेल्या घरातलं कुणी चूल सारवत बसेल का? निकिता म्हणाली, एका चुलीवरून निष्कर्ष काढू नका सर. बरोबर आहे. पण आज मन हलकं होतं.

१५ डिसेंबर, रविवार. नाशिक

घरी. गरम पाण्याने आंघोळ, हे सुख पुस्तकात कुणी नीट लिहिलेलं नाही.

बेडरूममध्ये शिवणयंत्राची जागा रिकामी दिसली. संजना म्हणाली किशोरच्या बायकोला हवं होतं. किशोर तिचा भाऊ. बरंच झालं, त्या यंत्रावर माझी पँट रोज अडकायची. वेदिकाची झबली शिवल्यापासून ते कुणी चालवलंही नव्हतं.

जेवताना तिने विचारलं, "दादांशी बोललात?"

"द्राक्षांच्या गडबडीत असेल तो. निवांत बोलतो."

"संक्रांतीनंतर जेसीबी आणणार आहेत म्हणे. वहिनींचा फोन होता."

"अजून महिना आहे."

तिने मला अजून एक पोळी वाढली. मग मी तिला सारवलेल्या चुलीबद्दल सांगितलं. तिने नीट ऐकलं. सगळं नीट ऐकते ती. माझे विद्यार्थी तिच्या निम्मं ऐकतील तर मी कृतार्थ होईन.

२२ डिसेंबर

या रविवारी गेलो नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या घराचीही चूल सारवलेलीच निघाली. आता निकितालाही मान्य आहे.

काय नेलं आणि काय ठेवलं ते पाहिलं. जाती आहेत, पाटे आहेत, उखळं आहेत. लोखंडाचं, पितळेचं काही म्हणजे काही नाही. दारंसुद्धा चौकटीतून काढून नेलेली. पळणारा माणूस हाताला लागेल ते उचलतो, जाणारा माणूस ठरवून उचलतो. आधी हलकं नेतो, मग लागेल ते, आणि जड मागे ठेवतो. एका दिवसात नाही, बऱ्याच खेपांत गेलं आहे हे गाव. शेजाऱ्यालाही पहिल्या दोन-चार खेपांत पत्ता लागला नसेल.

हे वाक्य निकिताला फार आवडलं. ती म्हणाली, लेखात घाला.

दुपारी कुसाबाईची सासू धोंडाबाई काठी टेकत वर आली. वय किती असेल ते तिलाही सांगता येत नाही. चुलीपाशी बसली, सारवणावरून हात फिरवला आणि म्हणाली, "ह्या बाया भांडून नाय गेल्या."

"कशावरून?"

"भांडून जाणारी राख तशीच टाकून जाती, भांडी फेकून जाती. मंग चार दिसांनी तीच राख काढायला येती परत. भांडून गेलेलं माणूस येतं, मास्तर. सारवून गेलेलं नाय येत."

मास्तर म्हणते मला. चालेल. तिचं बोलणं लोकसमजूत म्हणून टिपून घेतलं.

२९ डिसेंबर, रविवार. नाशिक

संजना गादीवर वेदिकाचे कपडे पसरून बसली होती. दुपटी, कुंची, ती टोपी. मी दारातूनच मागे फिरणार होतो, पण ती रडत नव्हती. नीट घड्या घालून पिशवीत भरत होती. दोन वर्षं त्या कपाटाला तिने कुणाला हात लावू दिला नव्हता. आज स्वतःहून आवरतेय. सावरली बाई एकदाची. मला फार बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली, कारण त्या कपाटापाशी मी अजूनही जाऊ शकत नाही. तिथे पावडरचा वास येतो.

संध्याकाळी दिवा लावताना पाहिलं, देवघरात अन्नपूर्णा नाही. लग्नात तिच्या आईने दिलेली. उजळायला दिली असेल. बाळकृष्ण एकटाच रांगतोय.

दादाला फोन केला. खरंच केला. द्राक्षाला यंदा पाणी कसं उतरलंय, मजूर मिळतात का, सगळं बोललो. बांधाचं बोललो नाही. बांध म्हटलं की वेदिका म्हणावं लागतं. तिचं नाव दोन वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही, हे फोन हातात असताना ध्यानात आलं. दादा म्हणाला, "काय रे, अजून काही?" मी म्हणालो, "नाही, सहज केला होता."

संजना स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं असेल.

१४ जानेवारी. संक्रांत

कुसाबाईने गुळाची पोळी आणली होती, ती खाऊन हात धुतोय तोच हाक आली. पहिल्या घराच्या मागच्या अंगाला, वळचणीच्या रेषेत, एक मडकं पुरलेलं. मातीत नीट उभं. तोंडावर झाकायचा परळ मात्र तोंडावर नाही, शेजारी ठेवलेला आहे. पालथा, न फुटलेला.

सगळी माणसं एकदम मागे सरली. कुसाबाईने पदर डोक्यावर घेतला. निकिताने विचारलं, काय झालं?

"लेकराचं हाय," कुसाबाई म्हणाली. "दूध पितं लेकरू वळचणीला ठेवायचे. पागोळीचं पाणी पडावं त्याच्यावर. आपल्या घरचं पाणी."

बाकीचं मी स्वतः खोदलं. ब्रशने, हळू. आत फक्त माती होती. मला वेळ लागत होता, तो थंडीने, असं मी निकिताला सांगितलं. डोंगरावर जानेवारीत थंडी असतेच.

१६ जानेवारी

अजून दोन घरांमागे दोन मडकी. दोन्ही उघडी, दोन्हींचे परळ शेजारी. मातीचा कण न् कण चाळला. एकात एक काळा मणी. हाड नाही.

मी लिहिलं आहे : लाल मातीतील आम्लामुळे अर्भकांच्या नाजूक अस्थी विरून गेल्या असाव्यात. शास्त्राला धरून आहे. परळ का बाजूला, ते मात्र बसत नाही.

रेंज मिळते त्या कातळावर चढून संजनाला फोन केला. सांगावं की नाही, विचार करत होतो. सांगितलं.  

ती म्हणाली, "झाकण कुणी काढून ठेवलं?"

"तेच तर कळत नाही."

"त्यांनी नेलं असेल ना. जाताना."

"काय?"

"लेकरू. दुसरं काय? गाव सोडून निघाली ती. एकटं कसं ठेवेल?"

मी म्हणालो, तसा पुरावा नाही. कुठल्याही खणकामात तशी नोंद माझ्या वाचनात नाही. थोडं शिकवण्याच्या सुरातच म्हणालो असेन. ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "रविवारी एकोणीस तारीख आहे."

तिला वाटतं मी विसरतो. वेदिका गेली ती तारीख मी विसरत नाही, तिला वळसा घालून जातो.

"पिंपळगावला जाऊ या दोघं," ती म्हणाली. "दादांशी समोर बसून बोला. सोमवारी जेसीबी येतोय. माझ्याने त्यांना सांगवत नाही, ती तुमची माणसं आहेत. तुम्ही एकदा म्हणालात तर ठेवतील ते तेवढा तुकडा."

येतो म्हणालो.

१८ जानेवारी

गेलो नाही. उद्याही जाणार नाही. मडकी उघडी पडली आहेत, ती भर घालून, गुंडाळून काढायची आहेत. रात्री दव पडतं, तडे जातील. निकिता म्हणाली, "सर, मी काढते. तुम्ही जाऊन या." तिला मी काही सांगितलेलं नव्हतं. चेहऱ्यावर दिसत असेल.

तिच्यावर सोडवेना. खरं तर निकिता माझ्याहून नीट काढेल. इथे खरं लिहायचं ठरलं आहे म्हणून लिहितो. त्या बांधावर संजनाच्या शेजारी उभं राहायचं, ते मला जमणार नाही. इथल्या मडक्यांपाशी मला बसता येतं. ही दुसऱ्या कुणाची तरी आहेत.

संजनाला मेसेज केला : काम अडलंय, तू जाऊन ये, दादाला मी फोन करतो. दोन निळ्या खुणा आल्या.  दादाचा फोन लागला नाही. एकदाच लावला.

२० जानेवारी

कातळावर चढलो तेवढ्यात संजनाचाच फोन आला.

"जाऊन आले."

"काम झालं?"

"झालं."

"दादा काही बोलला?"

"नाही. चांगले वागले सगळे. किशोर होता बरोबर."

माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं. उगाच महिनाभर बाऊ केला. दादा तोंडाने फणसासारखा काटेरी, पण आतून आपला. तिने सांगितलं आणि त्याने ऐकलं. माझ्यापेक्षा तिलाच हे जमतं, हे आधी ओळखायला हवं होतं. तिला म्हणालो, "बघ, उगाच काळजी करत होतीस."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

आज तीनही मडकी सुखरूप निघाली. एकालाही चरा नाही.

२६ जानेवारी, रविवार. नाशिक

संजनाला निफाडच्या एका शाळेत जागा मिळाली आहे. एक तारखेपासून. इथल्या शाळेतून बाहेर पडली. तिने शांतपणे सांगितलं, मीही शांतपणे ऐकलं. मी असतो डोंगरावर, तिने एकटीने या घरात काय करायचं? माहेरी आई आहे, भाऊ आहे, बदल होईल. मी म्हणालो, "चांगलं आहे. वर्षाअखेर बघू." ती माझ्याकडे बघून किंचित हसली. फार दिवसांनी हसली.

मला शर्टाचं बटण लावून दिलं. फ्रीजवर कागद चिकटवला : गॅसचा नंबर, दूधवाल्याचा नंबर, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठे आहेत ते. मी म्हणालो, मी काय लहान आहे? ती म्हणाली, "नाही. पण विसरता."

२ फेब्रुवारी, रविवार. नाशिक

किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवलेली होती. घरात शिरलो आणि चिडलो. फ्रीज बंद, आतलं सगळं काढलेलं, दार मिटू नये म्हणून फटीत रुमाल. आता दूध कुठे ठेवायचं माणसाने? ओटा असा लख्ख की पाण्याचा थेंब नाही. शेगडी पुसून तिच्यावर धुतलेलं फडकं अंथरलेलं. भांडी जिथल्या तिथे. जाताना एवढं आवरायची गरज होती का? तिला हाताला चैन नाही. शेवटी चहा कोपऱ्यावरच्या टपरीत घेतला, त्या फडक्याला हात लावावासा वाटला नाही.

फोन केला. पोचले, शाळा बरी आहे, म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. मधल्या दोन वर्षांत आमच्यात किती तरी वेळा खटके उडाले, ताटं आदळली, ती दोनदा निफाडला निघून गेली आणि आठवड्यात परत आली. आता तसं काही नाही. निवळलंय सगळं.

९ फेब्रुवारी

खाली करंजपाड्यात धोंडाबाईकडे गेलो होतो. मडकी रिकामी का, म्हणून विचारलं. ती हसली. दात नाहीत, पण हसू पोरीसारखं.

"रिकामी कशानं? आणली की खाली. माझी सासू सांगायची. तिची थोरली नणंद वळचणीला होती वर. सासूच्या सासूनं निघायच्या दिशी मडक्यातली माती काढली, टोपलीत घेतली, वर नागलीचं पान झाकलं. धन्याला म्हणली, तू चल म्होरं. त्यो म्हणला मातीच हाय ती आता. ती म्हणली, असू दे, माझी हाय. नवी घरं झाली तवा ह्याच वळचणीला ठेवली."

"आणि तो? नवरा?"

"त्यो आला ना मागून. न येऊन सांगतो कोनाला?"

आम्ही ज्या ओट्यावर बसलो होतो त्याच्याच कडेला पागोळ्यांनी पाडलेली खाचांची ओळ होती. मी तिथे खोदायचं नाव काढलं नाही. माणसाला काही लाज असते. पण सांगोवांगीची गोष्ट म्हणून टिपून घेतलं. संजनाचा तर्क बरोबर निघाला, हे तिला सांगायला हवं. खूश होईल.

सांगितलं फोनवर. ती म्हणाली, "हो, मला माहीत होतं."

१६ फेब्रुवारी

खणकाम संपलं. घरं परत मातीने बुजवली. उघडी ठेवली तर पावसात वाहून जातील. चुली झाकताना कुसाबाईने प्रत्येकीवर हात फिरवला. निकिता म्हणाली, "सर, आता घरी जा. खरंच जा." जाणार आहे. आधी पिंपळगावला जाऊन दादाचे आभार मानीन, वेदिकापाशी बसेन, मग निफाडला. झाडाला यंदा फूल धरलं असेल. आता जमेल असं वाटतं. त्या तीन मडक्यांनी मला तेवढं शिकवलं.

२३ फेब्रुवारी, रविवार. पिंपळगाव बसवंत

आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

बांध नाही. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट जमीन, लोखंडी अँगल उभे, तारा ओढलेल्या, रोपांच्या सरळ रांगा. मला आधी वाटलं चुकून दुसऱ्याच्या शेतात आलो.

दादा पंपावर होता. "बांध कुठाय?" मी विचारलं.

"काढला की. वीस तारखेला. तुला माहीत नाय?"

"तू ठेवणार होतास. संजनाने सांगितलं नाही तुला?"

दादाने हात पुसले. "ती काय सांगल? ती आली एकोणीसला, म्हणली, दादा, झाड नेते. मी म्हणलं, ने बाई. रवीचं काय म्हणणं? तर म्हणली, त्यांना वेळ नाही. मी तरी काय समजू? तू डिसेंबरात फोन केलास, तेव्हा तरी बोललास का? एक शब्द टाकला असतास तर तेवढा तुकडा ठेवला असता मी. माझी पुतणी होती रे ती." मग त्याने तोंड फिरवलं आणि पंपाचा खटका उगाच वरखाली केला.

वहिनीने मला घरात नेलं, पाणी दिलं. तिनेच सांगितलं. संजनाने कुणाला हात लावू दिला नाही. किशोर टेम्पो घेऊन उभा होता, त्यालाही नाही. विळ्याने, हाताने भोवतालची माती मोकळी केली, खूप खोल, दुपार झाली. वेदिकाच्या दुपट्यात मुळांसकट मातीचा गड्डा बांधला. मग खड्डा बुजवला.

"आणि मग काय केलं माहीत आहे का?" वहिनी म्हणाली. "गोठ्यातून शेण मागितलं. तेवढी जागा सारवली. शेतात कोण सारवतं हो? मी म्हणलं, अगं, उद्या जेसीबी फिरणार आहे याच्यावर. तर म्हणली, असू दे वहिनी. हात धुतले, माझ्या पाया पडली आणि गेली. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मी पुन्हा शेतात गेलो. जागा सापडेल असं वाटलं होतं. माझा धंदाच तो आहे, शंभर वर्षांपूर्वी कुणाचा हात कुठे फिरला ते मी सांगतो. दोन तास फिरलो. काही सापडलं नाही. मग दोन रांगांच्या मध्ये बसलो आणि तिचं नाव घेतलं. वेदिका. मोठ्याने घेतलं. ऐकायला तिथे कुणी नव्हतं, तीसुद्धा नव्हती.

२ मार्च, रविवार. निफाड

किशोरच्या घरी गेलो होतो. डाळिंब मागच्या अंगणात, वळचणीखाली लावलं आहे. मी न विचारता थेट तिथेच गेलो. पानं थोडी गळलीत, पण शेंड्याला लाल पालवी आहे. संजना तांब्याने पाणी घालत होती. मला बघून दचकली नाही.

"लागलं," ती म्हणाली. "मला वाटलं नव्हतं लागेल."

मी म्हणालो, मी चुकलो. मी म्हणालो, दादा ठेवणार होता गं, मी एक शब्द टाकला असता तर. मी म्हणालो, मला तिचं नाव घेता येत नव्हतं. हे सगळं एका दमात म्हणालो. ती ऐकत होती, नेहमीसारखी, नीट.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "दोन वर्षं मी एकटीच घेत होते ते नाव. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून हळू घ्यायचे. आता इथे मोठ्याने घेते."

"परत चल."

तिने मान हलवली. नाही, अशी.

"रागावली आहेस?"

"नाही."

"थोडी तरी?"

"नाही हो," ती म्हणाली, आणि माझ्या कॉलरला लागलेली धूळ झटकली. "राग होता तेव्हा येत होते ना मी परत."

तिच्या आईने चहा केला. मी घेतला. संजनाने कप विसळून पालथा घातला. मी तिला म्हणालो, कधीमधी येऊन बसलो तर चालेल का झाडापाशी? ती म्हणाली, "या की. तुमचीही आहे ती."

येताना बसमध्ये शेजारच्या माणसाने विचारलं, तब्येत बरी नाही का. मी हो म्हणालो.

३ मार्च. नाशिक

अहवाल दुरुस्त केला. आम्लाचं वाक्य काढलं. त्या जागी लिहिलं : 'मडकी आपोआप रिकामी झालेली नाहीत. मुलांना बरोबर नेले आहे.' निकिताने वाचून फोन केला, "सर, हे 'आढळून आले' असं नाही म्हणता येणार." मी म्हणालो, ठेव तसंच.

मग स्वयंपाकघरात गेलो. फडकं अजून शेगडीवर तसंच होतं, महिना झाला. मी काय करतोय ते मला कळत होतं. सगळा जन्म पुरावा पुरावा करण्यात गेला, आणि आज एका दात पडलेल्या म्हातारीच्या बोलण्यावर विसंबलो : भांडून गेलेलं माणूस येतं. फडकं उचललं. चहा ठेवला, दूध जास्त घातलं आणि समोर उभा राहून तो उतू जाऊ दिला. शेगडीवर गेला, ओट्यावर आला, खाली फरशीवर ओघळला. साखर जळाल्याचा वास घरभर पसरला. कपबशी आपटून ठेवली, जशी ती रागात ठेवायची. पत्तीचा चोथा ओट्यावरच टाकला.

ते पुसलेलं नाही. तसंच ठेवलं आहे. आज सोमवार. ती दोन्ही वेळा आली होती तेव्हा आठवडा लागला होता.